बातोन म्हणजे पाव

फाईना मात्वेयेव्हनाने शिवलेला कपडा अंगात घातला की जाड बाई बारीक दिसे आणि काटकुळी बाई भरल्या अंगाची, याबद्दल आमच्या गावात दुमत नव्हतं. मतं दोन होती ती तिच्या स्वभावाबद्दल. काही जणी म्हणत ती संशयी आहे, आणि बाकीच्या म्हणत ती भलतीच संशयी आहे.

गावातल्या एकुलत्या एका शिवणघरात ती बायकांचे कपडे बेतायची. गळ्यात टेप, कानावर खडू, ओठांत टाचण्या आणि मेजावर करड्या पुठ्ठ्याची मापांची वही. गावातल्या झाडून सगळ्या बड्या साहेबांच्या बायकांची छाती, कंबर आणि नितंब त्या वहीत होते आणि एकीचाही आकडा फाईनाने कधी दुसरीला सांगितला नाही. तशी ती बातमी दाबून ठेवणारी होती. आमच्या गावात राहायचं तर ते यावंच लागतं.

कारण गाव तारेच्या कुंपणातलं. आत यायला पास, बाहेर जायला पास, आणि पत्रावर गावाच्या नावाऐवजी टपालाचा एक आकडा. कारखान्यात काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. नवरा दिवसभर काय करतो हे बायकोने विचारायचं नाही, ही गोष्ट जेवणाआधी हात धुण्याइतकी अंगवळणी पडलेली. इतर बायकांना ते सोयीचंच होतं. घरी आलेला पुरुष कामाचं रडगाणं गात नाही, याहून जास्त काय हवं? पण फाईनासारख्या बाईला रोजचे दहा तास बंद दाराआड गेलेला नवरा म्हणजे ताटात वाढलेला उपासच. तिने चौदा वर्षं हा उपास काढला होता. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लक्ष दुसरीकडे वळवायलाही कुणी नव्हतं.

नवरा वेनियामिन, म्हणजे वेन्या, पाचव्या विभागात फिटर. उंच, थोडा वाकलेला, कमी बोलणारा. त्याचे हात मात्र बघण्यासारखे होते. सुईणीचे असावेत तसे लांब, हलके आणि स्वच्छ. मानाच्या फलकावर त्याचा फोटो चार वर्षं सलग होता. फाईनाने आजवर त्या हातांवरून दवाखान्यातल्या नर्सचा संशय घेतला होता, कारखान्याच्या गायनमंडळातल्या एका पातळ आवाजाच्या बाईचा घेतला होता, आणि वेन्याच्या शाळेतल्या जुन्या फोटोत त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या मुलीचाही घेतला होता. ती मुलगी बिचारी युद्धात गेली होती. त्यानेही फाईनाचं समाधान झालं नव्हतं.

शिंपीण असल्यामुळे तिची तपासणीही रीतसर चाले. खिसे तर कुठलीही बायको बघते. फाईना अस्तर चाचपायची, कॉलरच्या आतली शिवण बघायची, बटण सैल झालंय का आणि झालं असेल तर कुणाच्या ओढण्याने, याचा विचार करायची. चौदा वर्षांत एक केससुद्धा सापडला नाही. दुसरी एखादी सुखावली असती. हिला वाटे, इतका स्वच्छ कोट? नक्कीच कुणीतरी झटकून देतंय.

आणि मग मार्चमधल्या एका रविवारी, दुपारी बटाटे आणि खारवलेलं कोबीचं लोणचं खाऊन वेन्या कोचावर आडवा झाला, आणि झोपेत बोलला.

"हळू," तो म्हणाला. "पोटाखालून हात घाल... असा... उबदार आहे बातोन."

आणि हसला. फाईना समोरच्या खुर्चीत त्याच्याच सदऱ्याची कफ उलटून लावत बसली होती. तिची सुई जागीच थांबली. त्या हसण्यात जी माया होती ती तिने लग्नाच्या दिवशीसुद्धा त्याच्या तोंडावर पाहिली नव्हती. ती कुणासाठी आहे हे कळेपर्यंत आपल्याला चैन पडणार नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं.

बातोन म्हणजे आमच्याकडचा लांबट पांढरा पाव, वर तिरक्या चिरा पाडलेला. आता गंमत अशी की वेन्या बातोन खायचाच नाही. लहानपण युद्धात गेलेलं, तेव्हापासून त्याला काळा, आंबूस पावच लागे. पांढऱ्याने पोटात जळजळ होते म्हणायचा. ज्याला जो पाव चालत नाही तो त्याच्या स्वप्नात येऊन उबदार कसा होतो? फाईनाच्या मनात पाल चुकचुकली, आणि तिची पाल एकदा चुकचुकली की थांबायचं नाव घेत नसे.

पुढच्याच आठवड्यात बसमध्ये तिच्या कानांना खुराक मिळाला. शिवणघरापर्यंत ती आणि वेन्या एकाच बसने जात, ती बायकांत पुढे, तो त्याच्या विभागातल्या माणसांबरोबर मागे. त्याचा मित्र रुदिक, गोल चेहऱ्याचा, सतत चेष्टेत, मोठ्याने विचारत होता.

"काय रे वेन्या, आज बातोन तुझ्याकडे?"

"माझ्याकडेच."

"एक का दोन?"

"दोन. मागचा परत आलाय, जरा तडकलाय. समजूत घालावी लागेल."

मागे हशा पिकला. फाईनाने खिडकीबाहेर बघितलं आणि ऐकलेला शब्दन् शब्द मनात टाचून ठेवला. शिवणघरात पोचल्यावर कोटसुद्धा न काढता तिने मापांची वही उघडली. उपसंचालकाच्या बायकोच्या आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या मापांच्या मध्ये तिने लिहिलं, चौदा मार्च, दोन. मागचा तडकला, परत.

हे पुरुषांचं काहीतरी सांकेतिक बोलणं आहे, हे तिने बरोबर ओळखलं होतं. तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. संकेत कशाचा, तेवढं चुकलं. आणि चुकलं ते अशा झोकात की प्रत्येक नवा शब्द तिच्या कल्पनेवर मापात बसत गेला. एक का दोन? पावाचं दुकान दुपारी एक ते तीन बंद असतं. म्हणजे भेटायची वेळ. तडकला, परत आला? म्हणजे रुसवाफुगवा. महिनाअखेरीस रुदिक म्हणाला, "तीनही गेले म्हणे उत्तरेला," आणि वेन्याने सुस्कारा सोडला. आता गावात उत्तर रस्ता नावाचा एक रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर सात नंबरच्या इमारतीत पावाच्या दुकानातली नोन्ना पाव्हलोव्हना राहत होती.

सुतावरून स्वर्ग गाठतात तो असा.

नोन्ना विधवा होती. चाळिशीची, उंच, गोरीपान, भरल्या अंगाची, सोनेरी वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली. पहाटेपासून भट्टीतून आलेले पाव हाताळून हाताळून तिच्या अंगालाच ताज्या पावाचा वास येई. तिच्याकडे बघून कुणाही पुरुषाला बातोन हा शब्द सुचावा अशीच होती ती, आणि हे मनात येताच फाईनाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून ती काळा पावसुद्धा बाजारापलीकडच्या दुसऱ्या दुकानातून आणू लागली.

आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नोन्ना स्वतःच शिवणघरात आली. बहिणीने पाठवलेलं निळं परदेशी कापड घेऊन, पावती फाडून, मे महिन्याच्या सणाआधी ड्रेस हवा म्हणून.

फाईनाने टेप हातात घेतली. ज्या बाईने आपलं घर फोडलं तिच्या कंबरेला दोन्ही हातांनी वेढा घालणं तिच्या नशिबी होतं. छाती एकशेआठ. कंबर शहाऐंशी. नितंब एकशेसोळा. ती आकडे लिहीत होती आणि मनात म्हणत होती, एवढ्या सगळ्याला वेन्याचा हात पुरतो तरी कसा?

"बातोन बरेच खपतात का हो?" तिने टाचण्यांमधून विचारलं.

"बातोन? सकाळी येतात ते दुपारपर्यंत संपतात." नोन्ना मोकळेपणाने बोलत होती. "पुरुष तर गरम असतानाच नेतात. थांबवत नाही त्यांना."

"कुठले पुरुष?"

"सगळेच. मी काय तोंडं बघत बसते? मी नुसते हात बघते, पुढे आलेले."

हात म्हटल्यावर फाईनाच्या बोटांतली टाचणी चुकून नोन्नाच्या कमरेत गेली. मग चुकून दुसरीही गेली.

"आई गं," नोन्ना म्हणाली आणि उलट तिनेच माफी मागितली. "माझंच चुकलं, हलले मी."

त्या संध्याकाळी फाईनाने अर्ज लिहिला. आमच्याकडे नवरा हाताबाहेर गेला की बायको कारखान्याच्या कामगार समितीकडे दाद मागायची. समिती नवऱ्याला उभा करून चार शब्द सुनावायची, क्वचित बढती अडवायची, आणि नवरा मुकाट घरी यायचा. फाईनाला तेवढंच हवं होतं. वेन्या घरी हवा होता, अख्खाच्या अख्खा. तिने तीन पानं लिहिली. माझा नवरा ज्या बाईला इतर कामगारांसमक्ष बातोन म्हणतो, इथपासून सुरुवात करून तारीखवार सगळा हिशोब दिला, कधी एक, कधी दोन, कधी तडकला, कधी उत्तरेला. आणि पुरावा म्हणून मापांची वहीच सोबत जोडली.

चौथ्या दिवशी तिला बोलावणं आलं, पण समितीचं नव्हे. कारखान्याच्या फाटकाजवळ दाराला कातडं मढवलेलं एक ऑफिस होतं, गुप्ततेचं काम बघणारं. तिथे कॅप्टन लाप्शिन बसत. पन्नाशीचे, पोटाच्या अल्सरने पिवळे पडलेले, कुणालाही न आवडणारे आणि ते माहीत असलेले. त्यांच्यापुढे अर्ज होता आणि वही उघडी होती.

"बसा, फाईना मात्वेयेव्हना. हे काय आहे?" त्यांनी वहीतल्या ओळीवर पेन्सिल टेकवली. "एकशेआठ, शहाऐंशी, एकशेसोळा. ही कशाची मापं आहेत?"

"नोन्ना पाव्हलोव्हनाची."

लाप्शिननी रुमालाने मान पुसली. त्यानंतर त्यांनी पान उलटलं आणि दुसरे आकडे विचारले. ते उपसंचालकांच्या बायकोचे आहेत म्हटल्यावर त्यांनी घाईने पान मिटलं.

"बरं. आणि हे? मार्चमध्ये एकूण किती?"

"किती काय?"

"बातोन."

"एकच आहे ती," फाईना फणकारून म्हणाली. "तुम्हाला अजून कमी वाटते?"

"तुम्ही इथे दोन लिहिलंय. इथे परत दोन. इथे तीनही गेले."

"ती वेळ आहे. दोन वाजता."

"तीन गेले, ही पण वेळ?"

फाईनाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. लाप्शिनच्या तोंडावर राग नव्हता, भीती होती. एका फिटरच्या लफड्यासाठी हा माणूस घाबरेल कशाला? आणि बाई मोजतं का कुणी? मार्चमध्ये एकूण किती, असं बाईबद्दल कुणी विचारतं का?

"साहेब, बातोन म्हणजे काय?" तिने हळूच विचारलं.

"बातोन म्हणजे पाव."

"मग मला इथे कशाला बोलावलंत?"

लाप्शिननी अर्जाची पानं पालथी घातली. तिचा गैरसमज दूर करायचा तर बातोन म्हणजे काय नाही हे सांगून भागत नव्हतं. काय आहे तेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं असतं तर त्यांना स्वतःलाच अटक करावी लागली असती. तेवढ्यात फाईनाला एक शिवी आठवली. वेन्याच्या विभागातल्या पुरुषांची आवडती. हातोडी बोटावर बसली की ते म्हणत, याद्र्योन बातोन. याद्र्योन म्हणजे मोहरीसारखं नाकात जाणारं, झणझणीत; आणि अणूच्या गाभ्याचा आमच्याकडचा शब्द कानाला अगदी तसाच लागतो. इतकी वर्षं ती ही शिवी ऐकून पुढे जात होती. लांबट. पांढऱ्या रंगाचा हात दिलेला. गाड्यावरून येणारा. कारखान्यात बनणाऱ्या त्या अस्त्राला कागदोपत्री नुसतं 'वस्तू' म्हणतात हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि वस्तू म्हणून म्हणून कंटाळलेल्या पुरुषांनी बसमध्ये मोठ्याने बोलता यावं म्हणून तिला पाव केलं होतं.

पोटाखालून हात घाल. उबदार आहे.

"म्हणजे ती..." फाईनाने सुरुवात केली.

"तुम्ही काही बोलला नाहीत," लाप्शिन म्हणाले. "मी काही ऐकलं नाही."

मग ते उठले, दार नीट लागलंय का बघून आले आणि आवाज उतरवून बोलले. तिच्या तीन पानांवर या वसंतात पाचव्या विभागातून काय बाहेर पडलं, काय परत आलं आणि कुठे गेलं, हे तारखेसह लिहिलेलं होतं. असा कागद करायला परदेशी हेरांना दहा वर्षं लागली असती. आता या कागदाचे दोनच अर्थ होऊ शकत होते. एक, फिटर वेनियामिन घरी कामाबद्दल बोलतो. मग तो तुरुंगात जाणार, रुदिकही जाणार, आणि बसमध्ये लोक काय बडबडतात हे न कळलेला लाप्शिनही घरी बसणार. किंवा दुसरा.

"अर्जात बाई आहे," ते म्हणाले. "तर बाईच राहू द्या. तुमचा नवरा नोन्ना पाव्हलोव्हनाकडे जातो. तुमची खात्री आहे ना?"

फाईनाची खात्री पाचच मिनिटांपूर्वी उडाली होती. नवरा निर्दोष आहे, चौदा वर्षं निर्दोषच होता, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं, आणि त्याच क्षणी त्याला दोषी ठरवायची वेळ आली होती. तिने मान खाली घातली.

"खात्री आहे," ती म्हणाली.

दोन कागदांवर सह्या झाल्या, एक त्या खात्रीचा आणि एक मरेपर्यंत तोंड बंद ठेवण्याचा. वही तिजोरीत गेली. त्या वर्षी मे महिन्याच्या संचलनाला निम्म्या साहेबांच्या बायका गेल्या वर्षीच्याच कपड्यांत चालल्या, कारण त्यांची मापं गोपनीय झाली होती.

समितीची बैठक भरली तेव्हा हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. वेन्याला उभं केलं. मागच्या रांगेत लाप्शिन भिंतीला टेकून बसले होते. आरोप वाचला गेला, त्यातले आकडे अर्थातच गाळून. नोन्ना उठून म्हणाली की या माणसाचं नावसुद्धा मला माहीत नाही, आणि सगळे हसले, कारण हे तर प्रत्येक बाई म्हणते. वेन्याने एकदा लाप्शिनकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. बायकोकडे जरा जास्त वेळ.

"मान्य आहे," तो म्हणाला.

त्याचा फोटो फलकावरून उतरला. वर्तन डळमळीत असलेल्या माणसाला पाचव्या विभागात ठेवता येत नाही, म्हणून त्याची बदली झाली. आणि गावात दुसरीकडे फिटरची जागा एकच रिकामी होती, पाव-कारखान्यात, भट्टीच्या साखळ्या दुरुस्त करायची. तिथून रोज सकाळी पाव घेऊन जी गाडी दुकानात जायची, तिच्यावर तो कधीकधी माल उतरवायलाही जायचा. फाईनाने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर पाडून घेतलेला तो धोंडा होता. लोकांना तर हसून हसून पुरेवाट झाली.

घरात मात्र कुणी हसत नव्हतं. तिने सही केली होती, त्याने तर कधीच केली होती. तोंडात मिठाची गुळणी धरून दोघं एका मेजावर जेवत होती. तिला सांगायचं होतं, मला कळलंय, तुझं काही नव्हतं, मी तुला वाचवलं. यातला एक शब्दही बोलायची मुभा नव्हती. तिने सारण भरलेल्या कणकेच्या करंज्या उकडल्या, आंबट सायीत बुडवून त्याच्यापुढे ठेवल्या, त्याचा हिवाळी कोट उसवून नवा शिवला. तो खायचा, घालायचा. सकाळी सव्वासातला पाचव्या विभागाची बस चौकातून निघायची, तेव्हा तो खिडकीत उभा असायचा. त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघून फाईनाला पुन्हा तीच जुनी कळ यायची. हेवा काही गेला नव्हता. नुसता पत्ता बदलला होता. ती बस दृष्टिआड होईपर्यंत तो ज्या नजरेने बघायचा, तशा नजरेने फाईना कोपऱ्यावर वळताना त्याने कधी बघितलं नव्हतं.

"बोल ना काहीतरी," एकदा तिला राहवेना.

"काय बोलू?" तो म्हणाला. "तू लिहून ठेवशील."

मधल्या काळात गावाने बातोन हा शब्द उचलला. नोन्नाला लोक पाठीमागे बातोन म्हणू लागले. मग कुणाचा नवरा उशिरा घरी आला की बायका विचारत, बातोनकडे गेला होतास का? शाळेतली पोरंसुद्धा म्हणू लागली. पाचव्या विभागातल्या पुरुषांची पंचाईत झाली. बसमध्ये 'आज माझ्याकडे दोन बातोन' म्हणायची सोय उरली नाही, अख्खी बस वळून बघायची. त्यांनी दुसरा शब्द शोधला. कुठला ते फाईनाला कळलं नाही आणि कळला असता तरी तिने तो कानात शिरू दिला नसता.

नोव्हेंबरात, पहिला बर्फ पडून गेल्यावर, वेन्याने प्लायवुडची पेटी भरली. भांडण झालं नाही. कुठे चाललास हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तशीच सवय लागली होती दोघांना. त्याने नव्याने शिवलेला कोट घातला आणि तो उत्तर रस्त्याला लागला.

हा घाव फाईनाने कसा सोसला ते तिचं तिला ठाऊक. ती कामाला येत राहिली. बायका तिच्यापुढे एकदम हळू आवाजात बोलू लागल्या, आणि तिला त्याचीच जास्त चीड यायची.

फेब्रुवारीत एका दुपारी नोन्ना शिवणघरात आली. हातात मागच्या एप्रिलची पावती होती.

"माझं निळं कापड," ती म्हणाली. "पावती अजून चालते का?"

पावती चालत होती. कापड कपाटात तसंच बेतलेलं, कच्चे टाके घातलेलं पडलं होतं. नियमाने फाईनाला नाही म्हणता येत नव्हतं, आणि गावात दुसरी शिंपीण नव्हती. नोन्नाने पडद्यामागे जाऊन ते अंगावर चढवलं आणि आरशासमोर उभी राहिली. फाईनाने ओठांत टाचण्या धरल्या.

"घटस्फोटाचा कागद आला की मार्चमध्ये लग्नाची नोंदणी करायची म्हणतोय," नोन्ना म्हणाली. ती हे मिरवायला बोलत नव्हती. हेच तर वाईट होतं, तिला मिरवताच येत नसे. "तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळावं. फाईना मात्वेयेव्हना, तुम्ही तो अर्ज केलात ना, तेव्हा देवाशप्पथ मी त्याला ओळखत नव्हते. त्या बैठकीत पहिल्यांदा त्याचं तोंड बघितलं. मला वाचवायला त्याने नाही म्हणायला हवं होतं, आणि तो मान्य म्हणाला. मी घरी जाऊन रात्रभर विचार करत होते, हा माणूस असं का बोलला? माझ्याबद्दल मनात काही असेल म्हणूनच ना?"

फाईना गुडघ्यावर बसून खालची कड सरळ करत होती. तिने वर बघितलं नाही.

"एक विचारू? रागावू नका." नोन्नाने आवाज खाली आणला. "रविवारी जेवून आडवा होतो ना, तेव्हा झोपेत बोलतो. तुमच्याकडेही बोलायचा?"

फाईनाने टाचण्यांसकट मान हलवली. त्यातून हो की नाही ते कळण्यासारखं नव्हतं.

"लोकांनी मला ते नाव ठेवलं तेव्हा मी फार रडले होते," नोन्ना आरशातल्या स्वतःकडे बघत म्हणाली आणि तिच्या गोऱ्या मानेवर लाली चढली. "पण तो इतक्या मायेने म्हणतो. आता मला आवडतं. हळू, म्हणतो, पोटाखालून हात घाल, उबदार आहे बातोन. आणि हसतो."

शिवणघरात दुसरं कुणी नव्हतं. टाचण्या काढून एक शब्द बोलायचा अवकाश होता. वर्षभर फाईना ज्या बाईच्या नावाने जळत होती ती तिच्यापुढे पाठमोरी, कच्च्या टाक्यांत, हसत उभी होती, आणि त्या एका शब्दाने ते हसू कायमचं पुसता आलं असतं. सहीची भीती फाईनाला त्या वेळी वाटली नाही. लाप्शिन तिच्या मनातही आले नाहीत.

तिला नुसतं दिसलं की या रुंद, गोऱ्या पाठीचा हेवा करण्यासारखं काहीच नाही. आपण कोचासमोर खुर्चीत बसलो होतो, तिथेच आता ही बसते.

फाईनाने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि कमरेवर कापड चिमटीत धरलं.

"माप उतरलंय तुमचं," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी. इथे आत घ्यावं लागेल. हलू नका."

नोन्ना श्वास रोखून उभी राहिली. फाईनाने दोन्ही बाजूंनी टाचण्या लावल्या, बारा की चौदा, आणि त्यातली एकही अंगाला लागू दिली नाही.